ध्वनिसंग्रह, सूची आणि मुक्त संगणकप्रणाली : कोल्हापूरच्या राजारामपुरीच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

गेल्या पंचवीस वर्षांत नागरी मध्यमवर्गीय घरातील गाणे ऐकण्याची रीत दोन वेळा बदलली. प्रथम कॅसेटच्या जागी संगणकातील फाइल आली. त्यानंतर फाइलही मागे पडून मोबाइलवरील भाडोत्री संगीतसेवा रूढ झाली. या दुसऱ्या बदलाला उत्तर म्हणून एक वेगळी घरगुती व्यवस्था अलीकडे पुढे आली आहे. वापरातून गेलेल्या संगणकावर लिनक्स बसवायचे, आपला ध्वनिसंग्रह त्यात साठवायचा आणि घरातील प्रत्येक फोनवर तो आपल्याच सर्व्हरवरून ऐकायचा, अशी ही रीत आहे. तिचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोल्हापूरसारख्या गावात मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. गाणे कोणाच्या ताब्यात राहावे आणि त्याची ओळख कोणी नोंदवावी, हा प्रश्न या गावात संगणकाच्या किती तरी आधीपासून उभा आहे. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा एकत्र विचार केला आहे.

विचारासाठी राजारामपुरी निवडण्याचे कारण साधे आहे. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची ही वस्ती शिकवण्या, दवाखाने आणि संगणकाची दुकाने यांनी गजबजलेली आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथ आणि ओतकामाचे कारखाने तिच्या लगत आहेत, शिवाजी विद्यापीठही दूर नाही. नोकरदार, प्राध्यापक आणि कारागीर यांच्या शेजारामुळे यंत्र उघडून पाहण्याची वृत्ती आणि गाणे जपण्याची हौस एकाच घरात आढळणे येथे अशक्य नाही. याच गावात बाबूराव पेंटर यांनी १९१८च्या सुमारास परदेशी कॅमेऱ्याची रचना अभ्यासून स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडविला. विकत मिळते ते तसेच वापरावे हा दंडक कोल्हापूरने फारसा मानलेला नाही.

दरबार, क्लब आणि तबकडी

गायन समाज देवल क्लबची स्थापना १८८३ची. बरोबर शंभर वर्षांनी, १९८३मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीच्या ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. हा निव्वळ योगायोग असून त्यातून कोणताही अर्थ काढण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही ठिकाणी सभासदांच्या श्रमावर चालणारी संस्था हे रूप दिसते, एवढे नोंदवायला हरकत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५मध्ये उस्ताद अल्लादिया खाँ यांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणले. महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, खाँसाहेबांचा मुक्काम या गावाशी जोडलेला राहिला. याच काळात, १९०२च्या अखेरीस, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरले आणि हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला. खाँसाहेबांच्या ऐन उमेदीत हे यंत्र देशात आले. तरीही त्यांनी आपला आवाज तबकडीवर दिला नाही. विद्या चोरीला जाईल ही भीती हे त्याचे कारण म्हणून नेहमी पुढे केले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नसले तरी अपुरे वाटते. अप्रचलित राग आणि त्यांची बांधणी हे घराण्याचे भांडवल होते. तीन मिनिटांच्या तबकडीत त्या भांडवलाची नक्कल तर झाली असती, पण ख्याल मावला नसता. त्यामुळे नकारामागे भीतीबरोबर हिशेबही असावा.

परिणाम असा झाला की, जयपूर घराण्याच्या आद्य पुरुषाचे गाणे आज ऐकायचे तर ते शिष्यांच्या मुद्रणांतून अनुमानानेच ऐकावे लागते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, कोल्हापुरात राहून तालीम देणारे चिरंजीव भुर्जी खाँ, त्यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर, कोल्हापुरातच जन्मलेल्या आणि पुढे केसरबाईंकडे शिकलेल्या धोंडूताई कुलकर्णी, अशी ही साखळी आहे. मूळ प्रत नाही, सर्व उताऱ्याच्या प्रती आहेत. पोथीच्या अभ्यासकाला ही अवस्था परिचित असेल.

जे तबकडीवर उतरले त्याचीही ओळख अपुरी राहिली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या लेबलवर गायकाचे नाव, कधी राग, कधी ताल आणि कंपनीचा क्रमांक एवढेच छापले जाई. मुद्रणाची तारीख सहसा नसे. तबलजी, सारंगिये, पेटीवादक यांची नावे तर क्वचितच. १९९०मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेतील संग्राहकांनी पुढे साचा-क्रमांकांवरून या तबकड्यांचा काळ ठरविण्याचे कष्टाचे काम केले. कंपनीने लेबलवर एक ओळ अधिक छापली असती, तर यातील पुष्कळसे श्रम वाचले असते. ही उणीव पुढच्या प्रत्येक माध्यमाने वारसाहक्काने घेतली. लेखाच्या उत्तरार्धात तिचाच विचार प्रामुख्याने करावयाचा आहे.

ध्वनिफीत आणि घरातील कपाट

१९६३मध्ये फिलिप्सने आणलेली कॅसेट आपल्याकडे घरोघर पोहोचली ती १९८०च्या दशकात. तिने प्रथमच श्रोत्याच्या हाती मुद्रणाची कळ दिली. सांगली आकाशवाणीवरील मैफल, क्लबातील बैठक, गणेशोत्सवातील गायन, घरी आलेल्या गवयाने सहज म्हणून दाखवलेली चीज, असे पुष्कळ काही नव्वद मिनिटांच्या फितीवर उतरले. विलंबित ख्याल ऐन रंगात आला असता पंचेचाळीस मिनिटांची बाजू संपे. फीत उलटेपर्यंत दोन आवर्तने निसटत. अशा कॅसेटच्या आवरणावर बॉलपेनने लिहिलेली एखादी ओळ हीच काय ती नोंद: कलावंताचे आडनाव, राग आणि फार तर वर्ष. हे लिहिणाऱ्याला बाकीचे सगळे आठवत असे, म्हणून ते लिहिण्याची गरज त्याला भासली नाही.

असे संग्रह आज सत्तरी-ऐंशीच्या घरातील माणसांच्या कपाटांत आहेत. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी सखल वस्त्यांतील घरांचे काय केले, हे सर्वांसमोर आहे. उंचावरील वस्तीतही बुरशी आणि उष्मा आपले काम करीतच असतात. शिवाय फीत वाजवणारे चांगले यंत्रच दुर्मीळ होत चालले आहे.

लिनक्सचा मेज-संगणक : पहिले अनुभव

महाराष्ट्रातील सामान्य माणसाचा संगणकाशी परिचय झाला तो प्रामुख्याने २००१मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे. हा अभ्यासक्रम विंडोज आणि त्यावरील कार्यालयीन आज्ञावलींभोवती रचलेला होता. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण एका पिढीच्या मनात पक्के झाले. लिनक्स ज्यांच्यापर्यंत पोहोचले, ते पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबतच्या सीडीमुळे किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून. ऑक्टोबर २००४मध्ये उबुंटू आले आणि पुढे २०११पर्यंत त्याच्या सीडी मागणीनुसार टपालाने विनामूल्य मिळत. डायलअप जोडणीच्या काळात सातशे एमबीची प्रत उतरवून घेणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे त्या पाकिटाचे मोल मोठे होते.

परंतु पहिल्या संध्याकाळचा अनुभव अनेकदा निराशेचा असे. संगणकातील स्वस्त अंतर्गत मोडेम विंडोजच्या आज्ञावलीवर अवलंबून असे. लिनक्समध्ये तो मुकाच राही. गाणीही वाजत नसत. एमपी३ या पद्धतीवर एकस्व हक्क असल्यामुळे रेड हॅटने २००२मध्ये आपल्या लिनक्समधून ती वाजविण्याची सोय काढून टाकली आणि इतर अनेक वितरणांनीही ती मूळ संचात ठेवली नाही. बाजारातून आणलेल्या, शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी३ सीडीसमोर नवा सुंदर पडदा गप्प बसे. एकस्वमुक्त ‘ऑग व्हॉर्बिस’ २००२मध्ये सिद्ध झाली होती, पण तिच्यात गाणी देणार कोण? हा तिढा सुटला तो २०१७मध्ये, एमपी३ची एकस्वे संपल्यावर. कायद्याची एक बारीक गाठ दिवाणखान्यातील शांततेला कशी कारण होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मराठीची कथा याहून आशादायक आहे. विंडोजवरील मराठी त्या काळी श्रीलिपी, आकृती अशा परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत अडकलेली होती. टंक नसला की मजकुराऐवजी रोमन चिन्हांचा कचरा दिसे. लिनक्सच्या मेज-प्रणालींनी युनिकोड आरंभीच स्वीकारला. रेड हॅटने २००४मध्ये ‘लोहित’ हा टंकसमूह मुक्त परवान्याखाली खुला केला. १९८६मध्ये सरकारी पातळीवर आखलेला इन्स्क्रिप्ट कळफलक या प्रणालींत उपलब्ध होता, आणि जीनोम व केडीई यांचे आज्ञामेनू स्वयंसेवकांनी व पुण्यातील तंत्रज्ञांनी मराठीत आणले. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’, तसेच ‘ऱ्य’सारखे जोडाक्षर नीट उमटावे यासाठी जी खटपट झाली, ती भाषेच्या इतिहासात नोंदली जायला हवी. फाइलचे नाव मराठीत देता येणे ही गोष्ट आज किरकोळ वाटते; त्या काळी ती किरकोळ नव्हती.

भाडोत्री संगीत

फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान फेब्रुवारी २०१२मध्ये उघडले आणि जून २०१३मध्ये बंद केले. तेथे निदान गाणे विकत घेऊन उतरवून ठेवता येत होते. त्यानंतर आलेल्या सेवांत मालकीचा प्रश्नच उरला नाही. गूगल प्ले म्युझिक २०२०च्या अखेरीस थांबले. रेसो ही सेवा जानेवारी २०२४मध्ये भारतातून गेली. विंक म्युझिक गुंडाळण्याचा निर्णयही २०२४चाच. प्रत्येक वेळी श्रोत्याने जमविलेल्या याद्या, आवडीच्या खुणा आणि ऐकण्याची सवय यांची पुनर्रचना त्यालाच करावी लागली. दरबार मोडला तेव्हा गवयाला गाव सोडावे लागले होते. येथे श्रोत्याला आपले बिऱ्हाड हलवावे लागते.

मुक्त आज्ञावलींची वाटचाल याहून भिन्न आहे, आणि ती तपासून पाहण्यासारखी आहे. घरच्या सर्व्हरवरून संगीत ऐकविणाऱ्या ‘सबसॉनिक’ने २०१६मध्ये आपला स्रोत बंद केला, परंतु तोवर खुला असलेला स्रोत घेऊन इतरांनी ‘एअरसॉनिक’सारख्या शाखा काढल्या. ‘एम्बी’ने स्रोत बंद करताच डिसेंबर २०१८मध्ये ‘जेलीफिन’ निघाले. २०२०पासून प्रसिद्ध झालेली ‘नॅव्हिड्रोम’ ही आज्ञावली सबसॉनिकने रूढ केलेली देवाणघेवाणीची भाषाच बोलते. त्यामुळे जुन्या सर्व्हरसाठी लिहिलेली फोनवरील साधने नव्यावरही चालतात. दुकान बंद झाले तरी आपल्या फडताळावरचा माल जागचा हलत नाही, हा या व्यवस्थेचा मुख्य लाभ होय. खर्चही मोठा नाही. दोनशे कॅसेट म्हणजे तीनशे तास. ‘फ्लॅक’ या मूळ ध्वनी न घटविणाऱ्या पद्धतीत त्यांना सुमारे शंभर जीबी जागा पुरते. खरा खर्च वेळेचा आहे. फीत जितका वेळ वाजते तितकाच वेळ तिच्या मुद्रणाला लागतो. ‘ऑडॅसिटी’ ही २०००पासूनची मुक्त आज्ञावली हाताशी असली, तरी रोज एक कॅसेट या गतीने दोनशे दिवस जातात.

सूचीचा प्रश्न

फाइली सर्व्हरवर चढल्या की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात तेव्हाच ते सुरू होते. संगीताच्या आज्ञावलीची मूळ रचना कलावंत, अल्बम आणि गीत अशा तीन पायऱ्यांची आहे. ती पाश्चात्त्य तबकडी-व्यापारातून आली आहे. बैठकीतल्या गाण्याला अल्बम नसतो. पूरिया धनाश्रीचा विलंबित ख्याल, त्याला जोडून द्रुत, मग एखादे नाट्यपद आणि शेवटी भैरवी, हा अनुक्रम म्हणजेच त्या संध्याकाळची घडण असते. यादृच्छिक क्रमाने गाणी वाजविण्याची कळ दाबली की भैरवी आधी आणि यमन नंतर येतो. यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही.

नावांचा घोळ याहून मोठा. केसरबाईंचे नाव एका फाइलवर केवळ ‘केसरबाई’, दुसरीवर पूर्ण नाव आणि तिसरीवर रोमन लिपीत बिरुदासह असेल, तर सर्व्हर तीन वेगळ्या गायिका उभ्या करतो. १९७७मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी आहे आणि ती दोन्ही याने आता आंतरतारकीय अवकाशात आहेत. तीच गायिका घरच्या संग्रहात मात्र शोधूनही एके ठिकाणी सापडू नये, ही गमतीची गोष्ट म्हणावी लागेल. रागांच्या रोमन लेखनाने अधिक गोंधळ होतो. ‘खट’ या रागाचे रोमन रूप ‘खत’ किंवा ‘खाट’ असेही वाचता येते. ‘बिहागडा’ कधी ‘ड’ने तर कधी ‘र’ने लिहिला जातो आणि शोधात ‘बिहाग’मध्ये मिसळतो. जयपूर घराण्याचे वैशिष्ट्यच मुळी बसंती केदारसारखे जोडराग आणि अनवट राग हे असल्यामुळे या घराण्याच्या संग्राहकाला ही अडचण इतरांपेक्षा अधिक जाचते.

आणखी एक तपशील उद्बोधक आहे. नावे वर्णानुक्रमे लावताना नॅव्हिड्रोम काही आरंभीची अक्षरे वगळते. ही यादी मुळात इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांतील उपपदांची आहे. ‘पं.’ आणि ‘उस्ताद’ तिच्यात नाहीत. परिणामी सर्व पंडित एका ओळीत ‘प’पाशी उभे राहतात. शिवाय वर्णसूची रोमन असल्याने देवनागरी नावे सरसकट एकाच ‘इतर’ खान्यात पडतात. आज्ञावली रचणाऱ्यांनी हे हेतुतः केलेले नाही. त्यांच्यासमोर जे संग्रह होते त्यांची ती छाप आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही यादी एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेली असून ती बदलता येते. ‘पं.’ आणि ‘उस्ताद’ जोडण्यास दोन मिनिटे पुरतात. भाडोत्री सेवेत ही दुरुस्ती श्रोत्याच्या हाती कधीच येत नाही. तेथे तक्रार नोंदवता येते, सूची बदलता येत नाही. मुक्त आज्ञावलीचे मोल विनामूल्य असण्यात शोधले जाते, पण संगीताच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ते या दोन मिनिटांत आहे.

याच दिशेने काही मोठे प्रयत्नही झाले आहेत. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ या काळात चाललेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या नोंदी ‘म्युझिकब्रेन्झ’ या खुल्या कोशात घातल्या. त्या कोशात राग आणि ताल ही स्वतंत्र वैशिष्ट्ये म्हणून नोंदवता येतात. तबकडीच्या लेबलवर न छापलेल्या साथीदारांसाठीही तेथे जागा आहे. घरचा संग्राहक हेच साचे आपल्या फाइलींत वापरू शकतो. नॅव्हिड्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एका ध्वनिफाइलीला अनेक कलावंत, त्यांच्या भूमिकांसह, जोडण्याची सोय आली आहे. सारंगियाचे नाव लिहिण्यासाठी १९०२पासून जी जागा सहसा मिळाली नव्हती, ती आता मिळाली आहे. ते नाव सांगणारा कोणी हयात आहे का, एवढाच प्रश्न आहे.

अडचणी आणि मर्यादा

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे दुबळेपण झाकणे योग्य नाही. २०००च्या दशकातील भारनियमनाइतकी वीज आज जात नसली, तरी घरच्या सर्व्हरला बॅटरीचा आधार लागतोच. बहुतेक घरगुती जोडण्यांत अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. म्हणून घराबाहेरून आपल्याच सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी ‘वायरगार्ड’सारखी खासगी वाहिनी उभारावी लागते. एकच प्रत एकाच घरात ठेवणे धोक्याचे असते; दुसरी प्रत दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे असावी, हे पुराच्या गावाला वेगळे सांगायला नको.

कायद्याचेही भान ठेवावे लागते. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. १९९४च्या दुरुस्तीने कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य केला आणि १९९९मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. जुन्या तबकड्या यामुळे क्रमाने मोकळ्या होत आहेत. खासगी बैठकीची फीत घरात ऐकणे वेगळे आणि ती जगाला खुली करणे वेगळे. गवयाने चार जाणकारांसमोर विश्वासाने गायिलेले गाणे त्याच्या वारसांच्या संमतीवाचून प्रसृत करणे कायद्याबरोबर संकेतालाही धरून नाही. घरचा सर्व्हर कुंपणाच्या आत ठेवता येतो, ही गोष्ट या दृष्टीने सोयीची ठरते. आपले गाणे कोणी ऐकावे हे ठरविण्याचा जो अधिकार अल्लादिया खाँ यांनी कटाक्षाने राखला, त्याचा काही अंश तरी त्यात शिल्लक राहतो.

सर्वांत बिकट अडचण माणसांची आहे. अशा घरात सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती बहुधा एकच आणि वयाने तरुण असते; ती शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेली की यंत्र पडून राहते. दुसरीकडे, कॅसेटवरील आवाज ओळखणारी, हा तबला कोणाचा आणि ही बंदिश कोणाच्या तालमीतली हे सांगू शकणारी व्यक्ती वृद्ध असते आणि तिला संगणकाची भीती वाटते. ज्याला राग कळतो त्याला खाना भरता येत नाही, आणि ज्याला खाना भरता येतो त्याला राग कळत नाही. एमएस-सीआयटीच्या पिढीने संगणक शिकला, पण तो प्रामुख्याने कार्यालयासाठी शिकला. घरातील आठवण नोंदविण्याचे साधन म्हणून त्याकडे पाहण्याची सवय लागली नाही.

महाविद्यालयांना येथे करण्यासारखे काम आहे. संगीत, इतिहास आणि संगणक या तीन विभागांचे विद्यार्थी एका घरी एका दुपारी बसले, तर चार-पाच कॅसेटची नोंद सहज पूर्ण होते. एकाने फीत वाजवावी, दुसऱ्याने विचारावे, तिसऱ्याने फाइलीच्या खान्यांत लिहावे. वृद्ध श्रोत्याला कळफलकाला हात लावण्याची गरजच उरत नाही. अशा नोंदीत एक पथ्य मात्र पाळावे लागेल. राग कोणी ओळखला, कोणत्या दिवशी ओळखला, कॅसेटच्या आवरणावर मूळ शब्द कोणते होते आणि शंका कोठे आहे, हे सर्व टिप्पणीच्या खान्यात शब्दशः उतरवून ठेवायचे. खात्री नसेल तर कलावंताचा खाना रिकामा ठेवायचा आणि आवरणाचे छायाचित्र फाइलीला जोडायचे.